फाया

नत्थुजीनं आपट्याचं पान पुढं केलं आणि मी हात मागं घेतला. एवढंच झालं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून आमचा हा शिपाई दरवर्षी आदल्या दिवशीच सोनं वाटून मोकळा होतो, सीमा ओलांडल्याशिवाय सोनं वाटू नये असं कुणी शास्त्र सांगितलं तर म्हणतो, "आमची सीमा फाटकापाशीच हाय सर." या खेपेला त्याला पडसं झालं होतं. नाक लाल, डोळ्यांना पाणी, सदऱ्याची बाही ओली. मी टेबलावर एक परदेशी नियतकालिक उघडून बसलो होतो. ते बोटीनं येतं, वर्षभर शिळं होऊन येतं, आणि वाचणारा मी एकटाच असल्यामुळं त्याची जोडपानंही मीच सुरीनं कापतो. इन्फ्लुएंझाचा विषाणू पेशीच्या आवरणाला चिकटतो कसा आणि आत जातो कसा, त्यावरचा लेख होता. नत्थुजी शिंकला, बाहीनं नाक पुसलं, त्याच हातानं सोनं पुढं केलं, आणि माझा हात चटका बसल्यासारखा मागं गेला. आपट्याचं पान लेखावर पडलं. नत्थुजीनं माझ्याकडं पाहिलं. नत्थुजी महार आहे. तिकडं दिल्लीत घटना लिहून होत आली होती, अस्पृश्यता जाणार म्हणून वर्तमानपत्रं रोज सांगत होती. आणि आम्ही अकोल्याचे फुलमाळी, वडील सत्यशोधकांच्या सभांना पुढं बसणारे, शिवाशिव मानत नाही याचा घरादाराला केवढा अभिमान. नत्थुजी म्हणाला, "तुमीही, सर?" मी म्हणालो, "तसं नाही हो नत्थुजी, तुमाले पडसं झालं म्हणून..." "राहू द्या," तो म्हणाला, "टेबलावर हाय. पाहिजे तवा उचला." आणि गेला.

त्याच्या मागं जायला हवं होतं. गेलो नाही. वेळेवर न जाणं हा माझा जुना गुण आहे. चाळिशी आली तरी सुटलेला नाही. तसाच बसून राहिलो आणि लेखातलं तेच वाक्य परत परत वाचत राहिलो. आजवर आम्ही वर्गात शिकवत आलो की रोग बाहेरून येतो, घुसतो, भिंत फोडतो. पोरंही तसंच लिहितात, मार्क मिळतात. हा ऑस्ट्रेलियातला माणूस म्हणतो, तसं नाही. विषाणूच्या अंगावर प्रथिनांचं काहीतरी असावं, आकड्यांसारखं. पेशीच्या आवरणावरही ठरावीक जागा असतात, बहुधा साखरेच्या जातीच्या, अजून कुणाला नीट कळलेलं नाही. आकडा त्या जागेवर बसला की विषाणू चिकटतो. पण तो घुसत नाही. पेशीच त्याला आत घेते. आवरण तिथं खोलगट होतं, त्याला चारी बाजूंनी कवळतं आणि गिळतं, रोजचा अन्नाचा कण गिळावा तसं. दार आतून उघडतं, असा त्याचा अर्थ. आणि याच्याही आधीचं एक निरीक्षण आहे, कोंबडीच्या रक्तावर केलेलं. विषाणू मिसळला की तांबड्या पेशी त्याच्या आधारानं एकमेकींना धरतात, त्यांच्या गुठळ्या होतात. काही तासांनी विषाणू आपणहून सुटतो, आणि सुटताना ती चिकटायची जागाच कापून नेतो. त्या पेशी वरून धडधाकट दिसतात. पण त्यानंतर तोच विषाणू कितीही ओता, त्या कुणाला धरत नाहीत. हे वाचताना मला दोन माणसं दिसत होती, एक इनायतुल्लाचाचा आणि दुसरी जयवंताकाकू, आणि नेमका त्याच वेळी नत्थुजीचा ओला हात पुढं आला.

इन्फ्लुएंझा हा शब्द मी फार उशिरा शिकलो. एकोणीसशे अठरा साली अकोल्यात त्याला मानमोडी म्हणत. मी नऊ वर्षांचा होतो. मोर्णा नदीच्या काठाला आमचा फुलांचा मळा होता आणि मळ्यातच घर. घरात बाबा, माय, माझ्याहून चार वर्षांनी मोठी बहीण पार्बता, बाबांचे धाकटे भाऊ किसनकाका, आणि किसनकाकाची नवी बायको जयवंता. ती पंधरा वर्षांची होती. लग्न वैशाखात झालं होतं, पण नांदायला आली ती घट बसले त्या दिवशी, अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेहून. तीही माळ्याचीच, पण हार गुंफायची तऱ्हा निराळी. आमची माय एकेरी ओवायची, ही दोन-दोन फुलं पाठीला पाठ लावून बांधायची. माय म्हणायची, "असू दे, दोन्ही विकतात." जयवंता दिवसभर हसायची आणि तिन्हीसांजेला विहिरीच्या काठावर बसून रडायची. मी जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवायचो. मला वाटायचं, ती माझ्याशी खेळायलाच आणलेली आहे.

त्या वर्षी दसऱ्याला बाबांनी बजावलं होतं: कुणाच्या घरी सोनं द्यायला जायचं नाही. गावात दवंडी झाली होती, रोज तिरड्या जात होत्या, झेंडू बाजारात तसाच पडून होता आणि प्रेतावर घालायला मात्र पुरत नव्हता. "लिंबाच्या झाडाले सोनं वाहा न घरी या," बाबा म्हणाले. मी वाहिलं. मग मूठभर पानं सदऱ्यात दडवली आणि इनायतुल्लाचाचाकडं पळालो. चाचा अत्तरवाला. रोज पहाटे आमच्या मळ्यातून गुलाब न्यायचा, आणि दर दसऱ्याला मी त्याला सोनं दिलं की माझ्या कानात अत्तराचा फाया खोचायचा. कापसाचा तो एवढासा बोळा, पण आठ दिवस मी राजा असायचो. दारात त्याची बायको रजियाबी उभी होती. म्हणाली, "अंदर मत आ बेटा, चचा को बुखार है." आतून चाचाचा आवाज आला, फाटका, "आने दे. साल का दिन है, बच्चा लौटेगा तो अच्छा नहीं." ती बाजूला झाली. खोलीत गुलाबाचा आणि आंबट घामाचा वास एकत्र होता. चाचाचे ओठ निळे पडले होते. मी सोनं दिलं, त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, छातीशी नेला, खोकला, हसला, मग उशाखालची पेटी चाचपून फाया केला. कापूस जमेना तेव्हा ओठांत धरून पिळला आणि माझ्या कानात ठेवला. मी पळत घरी आलो. मळ्याच्या फाटकाशी आल्यावर कळलं की वासानं चोरी पकडली जाणार. जयवंता विहिरीशी बसली होती, रडत. मी फाया काढून तिच्या कानात खोचला. म्हटलं, "काकू, तुले घे. रडू नको." तिनं डोळे पुसले आणि फाया वरून नीट दाबून बसवला. "कोठून आणला रे?" तिनं विचारलं. मी सांगितलं, आणि कुणाला न सांगायची शपथ घातली. तिनं घेतली. चाचा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

तिसऱ्या दिवशी जयवंता तापानं फणफणली. माझं नाक वाहायला लागलं होतं, पण ते दोन दिवसांत थांबलं. मला त्या मानमोडीनं फक्त शिवून सोडलं. बाबा तिच्या खाटेशी आले. खोलीत तो गुलाबाचा वास. बाबांनी विचारलं, "हा फाया कोठचा?" मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो, पार्बता पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. जयवंताचे डोळे लाल झाले होते. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "माहेरून आणला होता." बाबा बाहेर गेले. पाचव्या दिवशी माय पडली, त्याच रात्री किसनकाका. माय सातव्या दिवशी गेली, किसनकाका नवव्या. जयवंता उठली. केस गळलेले, कानानं कमी ऐकू येणारी, पण उठली. आणि ज्या घरात दोन खाटा रिकाम्या झाल्या त्या घरात ती उठून चालायला लागली, हाच तिचा गुन्हा ठरला. आधी बायका बोलल्या, मग सोयरे बोलले. नवी सून आली, अमरावतीहून आली, येताना अत्तर घेऊन आली, आणि त्याबरोबर मरण घेऊन आली. पांढऱ्या पायाची. बाबा सुधारक होते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नसत. पण बायको आणि भाऊ एका आठवड्यात जाळलेल्या माणसाला कुठंतरी बोट दाखवायचं असतं. त्यांनी शुभाशुभ म्हटलं नाही, 'संसर्ग' म्हटलं. मासिकात वाचलेला शब्द होता. दिवाळीच्या आत तिचा भाऊ खुशालराव येऊन तिला नांदगाव पेठेला घेऊन गेला. बैलांच्या दमणीत बसताना तिनं मला शोधलं. मी गुलाबाच्या ताटव्यात बसलो होतो, काटे अंगात घुसेपर्यंत आत.

लहान होतो, असं म्हणता येईल. मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. पण आमच्यात पाट लावायची चाल आहे, विधवा पोरगी घरात सडत ठेवत नाहीत. जयवंताला दोन स्थळं आली. दोन्ही वेळा चौकशी अकोल्याला आली. दुसऱ्या खेपेला मी सोळा वर्षांचा होतो, मॅट्रिकला. दर्यापूरचे एक शेषराव पाटील आले होते, भला माणूस, पायांतला जोडा बाहेर काढून आत आला. मी त्यांना पाण्याचा गडवा दिला. बाबांनी सगळं खरं तेच सांगितलं, म्हणजे त्यांना खरं वाटत होतं ते. शेषराव पाणी न पिता उठले. तो भरलेला गडवा परत आत नेताना माझा हात कापला नाही, हे मला चांगलं आठवतं. मग बी.एस्सी.ला रोगजंतूंच्या पुस्तकात एक ओळ वाचली: इन्फ्लुएंझाची लागण झाल्यावर एक ते तीन दिवसांत ताप येतो. मी बोटांवर मोजलं. घट बसले तेव्हा ती आली. दसरा दहावा दिवस. ताप त्याच्या तिसऱ्या दिवशी. माहेरून आणली असती तर चौथ्या माळेच्या आत पडली असती. ही ओळ मी एकतीस साली वाचली. बाबा गेल्या पौषात गेले. मध्ये अठरा वर्षं होती, आणि मी दर सुट्टीत त्यांच्यासमोर बसून जेवत होतो. दरवेळी वाटायचं, म्हाताऱ्याला आता कशाला. खरं सांगायचं तर मला माझ्या ताटात वाढणारा त्यांचा हात थांबायला नको होता. मी भित्रा माणूस आहे. आणि अमरावतीला नोकरी लागून बारा वर्षं झाली, नांदगाव पेठ इथून चार कोसांवर. या बारा वर्षांत तिथं मी एकदा गेलो, बाबांच्या मरणाची खबर द्यायला.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी नत्थुजीनं दिलेलं पान खिशात घातलं आणि सायकल काढली. बाजारातून आणखी चार पानं घेता आली असती, पण ते एकच घेतलं. का, ते सांगता येत नाही. रस्त्यात ज्वारी कमरेच्या वर आली होती, अंबादेवीला निघालेल्या बैलगाड्या समोरून येत होत्या, बैलांच्या शिंगांना झेंडू. मी मनात भाषण जुळवत होतो. पेशी, आवरण, साखरेची जागा. दार आतूनच उघडतं, कुणी कुणाला मरण आणून देत नाही, शरीरच त्याला ओढून घेतं. मला हे फार सोयीचं वाटत होतं. पार तिच्या मळ्याच्या विहिरीपर्यंत सोयीचं वाटत होतं. ती ओसरीवर बसून तोरण बांधत होती, दोन-दोन फुलं पाठीला पाठ लावून. सेहेचाळीस वर्षांची बाई, केस पांढरे, डावा कान माझ्याकडं करून तिनं वर पाहिलं.

"केशव? कोन गेलं?"

"कोणी नाही, काकू."

"मंग काहून आला?"

मी खाली बसलो. भाषण आठवेना. म्हणालो, "काकू, मानमोडी तू नव्हती आणली. इनायतुल्लाचाचाच्या घरून मी आणली. त्या फायासंगं. माय अन् काका माह्यापायी गेले." मोठ्यानं बोलावं लागलं, तिला ऐकू यावं म्हणून, आत चुलीशी बसलेल्या खुशालरावाच्या बायकोनंही ऐकलं असेल. जयवंताकाकूचे हात थांबले नाहीत. दोऱ्याला गाठ मारून तिनं पुढची दोन फुलं घेतली.

"तू आणली का कोनं आणली, हे देवालेच ठावं," ती म्हणाली. "सारं गाव मरून राहिलं होतं. पन मी नव्हती आणली, हे मले पक्कं माहीत हाय. नऊ माळा मी त्या घरात भाकरी थापल्या, काही नाही झालं मले. दसऱ्याच्या बादच झालं. हे कळाले का बुक शिकावं लागते?" मग दोरा ओढत, "तुह्या बुकात आता लिहून आलं का?"

"अठरा वर्षांआंधी आलं होतं."

"मंग?"

विहिरीवर मोटेचं चाक कुरकुरत होतं. मी विचारलं, "तू खोटं काहून बोलली तवा? माहेरून आणला म्हणून?"

"तू पाहून राहिला होता माह्याकडं. चौकटीले धरून. थरथर कापून राहिला होता," ती म्हणाली. "शपथ घातली होती तुनं. मले वाटलं दोन रोजाचा ताप हाय, उतरन. मंग हसत हसत सांगून टाकू तुह्या बाबाले. कोन मरन हे कोनाले माहीत होतं?" तिनं तोरण हातभर पुढं सरकवलं. "मंग मी वाट पाहे. तू लहान होता तवा नाही, मोठा झाल्यावर. मॅट्रिक झाला, म्हन्तलं आता सांगन हा. बी.एस्सी. झाला, खुशालनं पेढा आणला, म्हन्तलं आता तं सांगनच, शिकलेला हाय. मंग कवातरी वाट पाह्यनं सुटलं. कवा सुटलं तेई नाही आठवत."

"मले माफ कर, काकू."

"केलं." तिनं लगेच म्हटलं, वर न पाहता, कुणी पाणी मागितल्यावर द्यावं तितक्या सहज. मला रडू येईल असं वाटलं होतं, तिला तरी येईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. मी घेऊन गेलेलं एवढं मोठं ओझं तिच्यापाशी कुठं ठेवायलाच जागा नव्हती. मला कोंबडीच्या त्या तांबड्या पेशी आठवल्या, आणि आठवल्याची शरम वाटली; समोर माणूस बसलेलं असताना माझ्या डोक्यात नियतकालिक येतं. ती म्हणाली, "पन मले कायले सांगतं तू हे? मले तं माहीतच होतं. सांगाचं होतं ते त्यायले."

"बाबा गेले."

"गेले, माहीत हाय. पार्बता हाय न जिती? अजून सांगत राह्यते लोकायले, आमच्या घरात अशी एक पांढऱ्या पायाची आली होती म्हणून. येथवर येते ते ऐकू. बहिऱ्या कानालेई येते."

मी खिशातलं पान काढलं. ती नात्यानं मोठी, म्हणून आधी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मग सोनं पुढं केलं. तिचे दोन्ही हात फुलांत होते. "ठेव त्या टोपल्यात," ती म्हणाली. हात मोकळे नव्हते म्हणून म्हणाली असेल. काल नत्थुजीला काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं. मी पान टोपलीत ठेवलं नाही. परत खिशात घातलं. ते तिनं पाहिलं की नाही, कुणास ठाऊक. निघताना ती म्हणाली, "दुपारची गाडी हाय न अकोल्याची?"

ती गाडी मी बडनेऱ्याला पकडली. डब्यात सगळे सणाचे कपडे घातलेले, पोरांच्या हातांत पिपाण्या. मी खिडकीशी बसलो आणि बोलायची वाक्यं परत जुळवू लागलो, या खेपेला पेशी न घालता. फक्त एवढं: सोनं द्यायला मी गेलो, फाया मी आणला, तिनं मला वाचवलं. तीन वाक्यं. मूर्तिजापूरला एक म्हातारा शेजारी येऊन बसला आणि शिंकायला लागला. मी मुद्दाम सरकलो नाही. असल्या धाडसाला काही अर्थ नसतो, हे कळत होतं, तरी बोरगावपर्यंत तसाच बसलो.

पार्बताबाईचं सासर अकोल्यातच आहे, जुन्या शहरात. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, मुलगा सरकीच्या गिरणीत कारकून, त्याचं लग्न याच उन्हाळ्यात झालं. मी पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती, दारात रांगोळी होती, मुलगा सोनं वाटायला बाहेर पडला होता. पार्बताबाईनं मला पाहिलं आणि ओरडलीच, "अगं माय! केशव! दसऱ्याले भाऊ आला!" सुनेनं पाणी आणून दिलं. माणिक तिचं नाव, सोळा-सतरा वर्षांची, डोईवरचा पदर सावरत दारात जाऊन उभी राहिली. "पाह्य, हे आमची सून," पार्बताबाई म्हणाली. "गुणाची हाय. पन घरात पाय ठेवला न म्हैस आटली." आणि हसली. माणिकही हसली, हसावं लागतं म्हणून.

मी पाणी खाली ठेवलं आणि ती तीन वाक्यं बोललो. मग थांबता येईना. रजियाबी दारात नको म्हणत होती तेही सांगितलं, चाचानं कापूस ओठांत पिळला तेही, दिवस मोजून दाखवले, शेषराव पाण्याला न शिवता उठले ते सांगितलं. बोलताना माझा आवाज नऊ वर्षांच्या पोरासारखा चिरकत होता. पार्बताबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ती सरकत सरकत जवळ आली आणि माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

"इतके वर्सं हे पोटात ठेवलं तू?" ती म्हणाली. "येडा रे येडा! नऊ वर्साचं लेकरू. त्याले काय समजते? लेकराले कायचा दोष?"

तीस वर्षं ज्या शब्दांची मला भीती वाटत आली होती त्यांतला एकही आला नाही. एका श्वासात मी सुटलो होतो. अंग हलकं झालं, खरंच झालं, आणि त्या हलकेपणाची मला तिथंच किळस आली. मी म्हणालो, "मंग काकूले कायचा दोष होता? ते तरी किती मोठी होती? पंधरा वर्साची."

"ते सून होती, केशव," पार्बताबाई म्हणाली. समजावून सांगावं तशी, मायेनं.

"पण बाई, फाया मी दिला न तिले. मी आणला. तेच तं सांगून राहिलो."

"नाई, नाई. फाया तिनं माहेरून आणला होता. तिनं सोताच सांगतलं बाबाले. मी उभी होती न तेथी, पाणी घेऊन. माह्या कानानं ऐकलं." तिनं माझ्या हातावर हात फिरवला. "तुह्यं मन मोठं, मायवानी. दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेऊन राहिला. असं घेऊ नाई माणसानं. चूक तिचीच होती, तिच्या नशिबाची म्हण पाहिजे तं. तुहा काही दोष नाई."

मी आणखी दोनदा सांगितलं. शब्द बदलून, आवाज चढवून. ती दोन्ही वेळा डोळे पुसत मान हलवत राहिली, आणि दोन्ही वेळा मी तिच्या नजरेत आधीपेक्षा चांगला झालो. दोषाला चिकटायला जागा लागते. माझ्या अंगावर ती नव्हतीच. मी घरचा मुलगा होतो, शिकलेला, प्रोफेसर झालेला, आता तर मोठ्या मनाचाही. एकतीस साली बोललो असतो तरी बाबांनी हेच केलं असतं का, हे आता कधीच कळणार नाही. उद्या सुट्टी संपल्यावर नत्थुजी समोर येईल, त्याला काय सांगायचं तेही मला सुचत नव्हतं. खिशात त्याचं पान होतं, सुकून वळलेलं. मी ते काढायला गेलो, पण पार्बताबाईनं माझा हात घट्ट धरला होता आणि ती सुनेला म्हणत होती, "ऐकलं काय वो? माणूस असावं तं असं. नाही तं एखादीचा पाय घरात पडते, अन्..."

माणिक दारात उभी होती. तिनं खाली पाहिलं आणि आपली दोन्ही पावलं हळूच लुगड्याच्या काठाआड ओढून घेतली.